एमआरआयची हेड कॉइल (डोक्याभोवती बसणारा अँटेना): चॅनल वाढवले की झालं?

फेराइट: काल इथे एकाने ठोकून दिलं, "६४ चॅनल मिळत असताना ३२ वर अडून बसणं मागासलेपणा. बर्डकेज तर संग्रहालयात ठेवा." (बर्डकेज म्हणजे पिंजऱ्याच्या आकाराची जुन्या पद्धतीची कॉइल.) राहवत नाही म्हणून लिहितोय. एक चॅनल म्हणजे सिग्नल ऐकणारा तारेचा एक लूप; चॅनल वाढवायचे तर लूप लहान करावे लागतात. आणि लूप लहान केला की तो जवळचंच ऐकतो. कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) झगमगतो, पण आत खोलवरच्या थॅलॅमसपाशी ३२ नंतर फारसं काही हाती लागत नाही. लूप फारच चिमुकले झाले की डोक्याच्या नॉइजपेक्षा तांब्याचा आणि सोल्डरचाच नॉइज भारी पडतो. कॉइल रिकामी असताना आणि आत डोकं असताना क्यू (अनुनाद किती तीव्र आहे तो आकडा) मोजा, फरक आटलेला दिसेल.

लूपवाला: ते मीच लिहिलं होतं. अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे कमी डेटा घेऊन स्कॅन झटपट उरकणं, सोयीस्कर विसरलात! चौपट वेगाने सिग्नल-नॉइज गुणोत्तर निम्मं होतंच, वर जी-फॅक्टरचा, म्हणजे लूपांचे सिग्नल वेगळे काढताना वाढणाऱ्या नॉइजचा, मार. ८ चॅनलवर करून बघा, मधोमध नुसता चिखल. आणि कधी स्वतः लूप वाकवलाय का? शेजारच्या दोघांचं आच्छादन जरा चुकलं की ते एकमेकांच्या गळ्यात पडतात. मी त्यात महिने घालवलेत.

टेबलवरून: जी-फॅक्टर राहू द्या, डोकं मावतं का ते बोला. परवा एक धिप्पाड पेशंट आले. वरचा भाग लावला तर नाकाला टेकला, कानावर हेडफोन बसेना. शेवटी जुनी ऐसपैस कॉइल काढली. स्कॅन उत्तम!

लूपवाला: कॉइल कवटीपासून लांब नेली की सिग्नल गेला. फिजिक्सला नाकाची पर्वा नाही.

टेबलवरून: पेशंटला आहे ना! गुदमरून हलला की तुमचे ६४ चॅनल हललेलं चित्र स्वच्छ दाखवणार.

फेराइट: 😂 हेच! डिझायनरने आधी स्वतः अर्धा तास त्यात झोपावं.

लूपवाला: झोपलोय. माझं डोकं लहान आहे.

टेबलवरून: तरीच.

लूपवाला: वैयक्तिक होऊ नका.

फेराइट: आणि बर्डकेजचं काय? ७ टेस्लाच्या मशीनला बोअरमध्ये (पेशंट सरकतो त्या बोगद्यात) रेडिओलहरी सोडणारी बॉडी कॉइल नसते. कित्येक ठिकाणी ३२ रिसीव्ह (ऐकणाऱ्या) लूपभोवती ट्रान्समिटला, म्हणजे लहरी सोडायला, बर्डकेजच असते.

लूपवाला: ७ टेस्लाच्या २९८ मेगाहर्ट्झला मेंदूतली तरंगलांबी जेमतेम १२-१३ सेंटीमीटर. मध्य उजळ, कानांजवळचे टेम्पोरल लोब अंधारात. हे तुमचं बर्डकेज.

फेराइट: म्हणजे वापरात आहे तर.

लूपवाला: आहे, आहे. आणतो संग्रहालयातून परत, तिकीट माझ्याकडून.

टेबलवरून: येताना फोमच्या पातळ पट्ट्याही आणा. आमच्या जाड पट्ट्या तुमच्या त्या टोपीत शिरत नाहीत.