मदत हवी आहे : पुणे – बोरी – गुळुंचवाडी – निघोज, एका दिवसात एकटीने बाईकवर

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात नववी-दहावीला भूगोल शिकवते. गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "बाई, महाराष्ट्र लाव्हाचा बनलाय, तर ज्वालामुखीचं तोंड कुठंय?" तिला सांगितलं, की इथे एखाद्या डोंगराच्या माथ्यातून नाही, जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, थरावर थर. तिचं समाधान झालं, पण मला तेव्हापासून चैन नाही. इतकी वर्षं शिकवतेय आणि स्वतः नीट पाहिलंय किती? माझ्या टेबलावर गावच्या विहिरीतून निघालेला मूठभर दगड आहे, अनारशासारखा जाळीदार. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्याच्या या पोकळ्या. एका पोकळीत झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या सुया आहेत, खिडकीतलं ऊन पडलं की लखलखतात. एवढंच काय ते.

म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी एकटीच निघायचं ठरवलंय. बाईक १५० सीसी, ट्यूबवाले टायर. पहाटे साडेपाचला निघून नाशिक हायवेने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. तिथे मिसळ खाऊन बोरी बुद्रुक. मग आळेफाटा, बेल्ह्यावरून गुळुंचवाडीचा नैसर्गिक दगडी पूल, तिथून अळकुटीमार्गे निघोजचे रांजणखळगे आणि शिरूरवरून परत. अंदाजे अडीचशे किलोमीटर होतील.

सगळ्यात जास्त ओढ बोरीची आहे. तिथे कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि ती राख आपल्याकडची नाही, सुमात्रातल्या तोबाची! साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची, असं बरेच संशोधक मानतात. काहींच्या मते त्याहून खूप जुनी. तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली आहेत. आपल्या लाव्हाच्या खडकावरून वाहणारी नदी आणि तिच्या काठात हजारो किलोमीटरवरून आलेली राख, हे एकदा डोळ्यांनी बघायचंय. तर तिथे जायला हायवे कुठे सोडावा? थर आज काठावर उघडा दिसतो का? वाट कुणाच्या शेतातून जात असेल तर आधी कुणाला विचारावं? थराला हात लावणार नाही, चिमूटभरही उचलणार नाही, फक्त फोटो काढायचे आहेत.

दुसरं, बेल्हे–अळकुटी–निघोज रस्ता सध्या कसा आहे? वाटेत पंक्चर काढणारा रविवारी भेटेल का? मागे एकदा आडरस्त्यावर चाक बसलं होतं, तेव्हा भर उन्हात बाईक ढकलत नेली होती.

तिसरी काळजी बिबट्याची. जुन्नर-शिरूर पट्ट्यात उसाच्या कडेने अंधारात दुचाकी चालवायची नाही, हे पक्कं आहे. दिवस लहान, म्हणून साडेपाचच्या आत शिरूरच्या मोठ्या रस्त्याला लागायचंय. मग निघोज दुपारी किती वाजता सोडावं? वेळ कमी पडला तर गुळुंचवाडी गाळावी का? (मला गाळायची नाहीये.)

निघोजला कुकडीत पाणी किती आहे? वाहत्या पाण्यात गोटे गरगर फिरून खडक कोरत गेले आणि हे रांजण झाले, हे मुलांना दाखवायला कोरडे खळगे आणि तळाशी बसलेले गोल गोटे दोन्ही हवेत. पाणी जास्त असेल तर झुलत्या पुलावरूनच बघेन, कडेला उतरणार नाही.

आणि ताईंनो, या वाटेवर बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल? नारायणगाव आणि शिरूर सोडून मधलं सांगा.

दिवाळीनंतर कुणी तिकडे गेलं असेल तर पाण्याचं आणि रस्त्याचं आवर्जून लिहा, त्यावरच तारीख ठरवणार आहे.