दमट हवेत जुनी नाणी ठेवण्यासाठी कोणता अल्बम किंवा डबी घ्यावी?

प्रश्न :
नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. आजोबांनी जमवलेली सुमारे दीडशे नाणी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. त्यांत साध्या व दुदांडी (दोन दांड्यांच्या) शिवराया म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, व्हिक्टोरिया राणीचे नऊ चांदीचे रुपये, 1943 ते 1947 मधले भोकाचे पैसे आणि बऱ्याच चवल्या-पावल्या आहेत. मी हौसेने मऊ, पारदर्शक पानांचा अल्बम आणून सगळी नाणी त्यात लावली. पावसाळा संपल्यावर उघडून पाहिले, तर सहा शिवरायांवर बोटाला चिकटणारा हिरवट थर आला आहे. हा दोष हवेचा की अल्बमचा? दोन-तीन हजारांत काय घेता येईल, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद 1 :
थर चिकट आहे, यावरून मला अल्बमचाच संशय येतो. मऊ पाने बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकची असतात. ती लवचिक राहावीत म्हणून मिसळलेले द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते, शिवाय प्लास्टिक जुने होऊ लागले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि तांब्याला ते लगेच बाधते. पानाचा वास घेऊन पाहा. नव्या रेनकोटासारखा वास आला, तर आज रात्रीच सगळी नाणी बाहेर काढा. खात्री करायची असेल, तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून पानाच्या कोपऱ्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली, तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. हे उघड्या हवेत करावे, धूर नाकात जाऊ देऊ नये.

खरेदी करताना नुसत्या 'पीव्हीसी-मुक्त' शब्दावर न थांबता पाने पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची किंवा मायलारची (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म) आहेत का, असे स्पष्ट विचारावे. व्हिक्टोरियाच्या रुपयांना कडक, गोल कॅप्सूल उत्तम. मात्र ती नाण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजूनच घ्यावी, कारण सैल कॅप्सूलमध्ये नाणे हलून घासते. शिवराई हाताने पाडलेली, जाड आणि वेडीवाकडी असल्यामुळे गोल साच्यात नीट बसत नाही. तिच्यासाठी मायलारचे सुटे पाकीट घ्यावे आणि माहितीची चिठ्ठी आम्लरहित कागदावर लिहावी. पुठ्ठ्याचे स्टेपल मारायचे होल्डर स्वस्त पडतात, पण कोकणात पिना गंजतात आणि वर आलेली पीन शेजारच्या नाण्यावर ओरखडा काढते, म्हणून तुमच्यासाठी मी ते सुचवणार नाही.

प्रतिसाद 2 :
वरील मताशी सहमत आहे. चांदीबद्दल एवढेच सांगतो, की रबरबँड, लोकरीचे कापड आणि वर्तमानपत्राचा कागद तिच्याजवळ ठेवू नये. त्यांतील गंधकाने ती काळी पडते. पाकिटे हवाबंद डब्यात ठेवून सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले, की त्यांनी ओल पुरेपूर शोषली असे समजून पुडी बदलावी. घरात लहान मुले असतील, तर निळ्यांऐवजी नारिंगी दाणे घ्यावेत, कारण निळ्यांत कोबाल्टचे विषारी क्षार असतात. डबा माळ्याजवळच्या कपाटात असावा. जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या गावात याहून अधिक सांगायला नको. बँकेच्या लॉकरचा विचार असेल, तर चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढेही नसते, हे लक्षात ठेवावे.

धागाकर्ता :
मनापासून आभार. तारेची परीक्षा केली, ज्योत हिरवी झाली. आई म्हणते, की त्या सहा शिवराया चिंचेने घासून घ्याव्यात. तसे करावे का?

प्रतिसाद 1 :
कृपया करू नये. चिंच, पितांबरी, राख यांपैकी कशानेही वर्षानुवर्षांची तपकिरी झळाळी निघून जाते आणि ती पुन्हा येत नाही. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणे काही मिनिटे बुडवावे, न घासता बाहेर काढून हवेत वाळवावे. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद असावा. नखांचे रंग काढायचे द्रव चालणार नाही, त्यात सुवास आणि तेल असते. चिकटपणा निघाल्यावरही फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसत राहिली, तर ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवून धातू-संवर्धन जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवावे.