टेमा बंदरात पोत्यांतला तांदूळ उतरवायचा आहे, पहिलीच खेप. काय सांभाळू?

नवासेकंडमेट

नमस्कार मंडळी. बढती मिळून सेकंड मेट (चीफ मेटच्या खालचा डेक अधिकारी) म्हणून ही माझी पहिलीच बोट. पाच होल्ड (माल ठेवायचे कप्पे), चार क्रेन. व्हिएतनामहून ५० किलोच्या पोत्यांतला तांदूळ भरलाय आणि घानाच्या टेमा बंदरात उतरवायचाय. परवा केप ऑफ गुड होप मागे टाकलं, आता वर चाललोय. आजवर मी कोळसा आणि गहू केलाय, सगळा ग्रॅबने उचलायचा माल. पोती मोजून द्यायची वेळ कधी आली नाही.

चीफ मेट म्हणाले, टेमाला माल उतरताना रात्रीची पाळी (कार्गो वॉच) तुझी आणि टॅलीची, म्हणजे पोती मोजून नोंदवायची, जबाबदारीही तुझी. पश्चिम आफ्रिकेत तांदळाच्या बोटींवर तुटीचे दावे लागतात एवढं ऐकून आहे, पण ही तूट नेमकी येते कुठून ते कोणी समजावून सांगत नाही. आम्ही समुद्रात पोती फेकत नाही, कुलूपबंद होल्ड आहेत, मग पोती जातात कुठे? ज्यांनी तिथे प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. बंदर कसं आहे, गोदीचे कामगार कसे आहेत, तेही सांगा.

क्रेनवाला

मी फिटर होतो, त्यामुळे माझ्या बाजूचं तेवढं सांगतो. पोहोचायच्या आधी चारही क्रेनचे होज आणि हूक-ब्लॉक नीट बघून घ्या. कोळशावर हायड्रॉलिक तेलाचे चार थेंब पडले तर कोणी विचारत नाही, तांदळाच्या पोत्यावर एक डाग पडला की ते पोतं बाजूला निघतं. वायरला ग्रीस चोपडून ठेवू नका, उन्हात वितळून खाली टपकतं. आणि क्रेन चालवणारा किनाऱ्यावरचा असेल तर पहिला अर्धा तास तुमचा माणूस त्याच्याजवळ उभा करा, प्रत्येक बोटीची क्रेन वेगळी असते.

जुनाचीफमेट

अरे, पहिली गोष्ट बंदराची नाही, आजची आहे. तू आत्ता आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेंग्वेला या सागरी प्रवाहाच्या गार पाण्यातून चालला आहेस. तिथे बाहेरची हवा गार, आतला माल व्हिएतनामच्या उष्ण हवेत भरलेला, म्हणून हॅच कव्हरच्या (होल्डच्या झाकणाच्या) आतल्या बाजूला घाम धरतो आणि थेंब वरच्या पोत्यांवर पडतात. तेव्हा हवा खेळती ठेवायची. भरतानाच्या मालाच्या तापमानापेक्षा बाहेरची हवा किमान ३ अंशांनी गार असेल तर व्हेंटिलेशन चालू. पण गिनीच्या आखाताकडे सरकशील तसं उलटं होतं. बाहेर दमट, उबदार हवा, आणि होल्डच्या कडेची पोती एव्हाना गारावलेली. ती हवा आत घेतलीस तर पाणी थेट पोत्यावरच धरेल. तेव्हा बंद. आणि रोजची नोंद ठेव: वेळ, तापमान, चालू की बंद, बंद असेल तर का. टेमाला वरच्या थरात दोन-चार पोती काळी पडलेली निघाली की सर्वेअर पहिल्यांदा तीच वही मागतो.

आता तुझा खरा प्रश्न. पोती जातात कुठे?

माझ्याबरोबर झालेलं सांगतो. रात्रपाळी, तीन नंबरचा होल्ड, एका स्लिंगमध्ये (क्रेनने एका वेळी उचलायच्या गठ्ठ्यात) ४० पोती. आमचा खलाशी हॅचच्या काठावर उभा राहून ४० लिहायचा. किनाऱ्याचा टॅली क्लार्क ट्रकजवळ, तो ३८ लिहायचा. प्रत्येक स्लिंगला नाही, पण बहुतेक स्लिंगना. दोन रात्रींत अशा साधारण ३०० स्लिंग झाल्या. दोनाच्या हिशोबाने ६०० पोती, म्हणजे ३० टन तांदूळ कागदावरून नाहीसा. सकाळी माल घेणाऱ्याचा माणूस आकडा घेऊन वर आला आणि सही मागायला लागला. मी तिशीतला, अंगात मस्ती. तुम्ही चोरी करता असं त्याच्या तोंडावर म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते, कारण चोरी कोणीच केली नव्हती.

स्लिंग धक्क्यावर टेकली की खालची एक-दोन पोती दाबाने उसवायची. ती फुटकी पोती कामगार ट्रकवर चढवत नव्हते, शेडच्या भिंतीलगत ताडपत्रीवर टाकत होते, नंतर शिवून भरायला. क्लार्क ट्रकवर चढलेलं तेवढंच मोजत होता, म्हणजे त्याच्या जागेवरून तो बरोबर होता. आमचा खलाशी होल्डमधून निघालेलं मोजत होता, तोही बरोबर होता. मधली ताडपत्री कोणाच्याच वहीत नव्हती. हे मला दाखवलं त्या गँगच्या हेडमनने (मुकादमाने). मनगट धरून मला शेडमागे घेऊन गेला. ढीग माझ्या कमरेएवढा होता, फुटलेल्या पोत्यांतून सांडलेल्या दाण्यांत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. आम्ही दोघांनी बॅटरीच्या उजेडात मोजायला घेतलं. काही पोत्यांवरची छाप फाटून गेली होती, ती कोणत्या बिल ऑफ लेडिंगची (माल भरल्याच्या पावतीची) ते कळेना. तरी साडेपाचशेच्या वर पोती आम्ही कागदावर परत आणली.

तेव्हापासूनचा माझा नेम असा. दोन्ही बाजूंचे टॅली क्लार्क एकाच जागी उभे करायचे, बोटीच्या कठड्याशी. स्लिंग उचलली की मोजणी, दोघांनी एकमेकांना आकडा मोठ्याने सांगायचा. फुटक्या पोत्यांचा वेगळा रकाना. तासातासाला बेरीज जुळवायची, पाळी संपेपर्यंत थांबायचं नाही. एका तासाचा फरक असेल तर आठवून शोधता येतो, आठ तासांचा झाला की नुसतं भांडण उरतं. आणि त्यांच्या शीटवर तुझ्यापेक्षा वेगळा आकडा असेल तर सही करताना तुझाही आकडा शेजारी लिही. कोरी सही करायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

पोत्यांचे मार्के (व्यापाऱ्यांच्या छापा) वेगवेगळे असतील तर ते आजच होल्डच्या नकाशावर रंगवून ठेव. एकाच होल्डमध्ये तीन व्यापाऱ्यांचा माल असला आणि मधली जाळी सरकली की एकाचा तुटतो, दुसऱ्याचा वाढतो. एकूण बेरीज बरोबर असूनही दावा लागतो. माल काढायच्या आधी आणि नंतर ड्राफ्ट सर्वे (बोट पाण्यात किती बुडते ते मोजून मालाचं वजन काढणं) करून घ्यायला चीफ मेटना सांग. पोत्यांच्या मालाला ड्राफ्ट सर्वे कशाला, असं म्हणणारे भेटतील. कोर्टात त्याच कागदाने आम्हाला वाचवलंय.

हूक लावून पोतं ओढताना दिसलं तर लगेच थांबव आणि त्याच पाळीत नुकसानीचा कागद करून फोरमनची सही घे. दुसऱ्या दिवशी कोणी सही देत नाही, आणि मला विचारशील तर देऊही नये.

पाऊस. टेमाचा पट्टा तसा कोरडा, पण एप्रिल ते जुलैमध्ये पाऊस असतो, जूनमध्ये सगळ्यात जास्त. तिथला पाऊस आपल्याला इशारा देऊन येतो, फक्त पूर्वेकडे बघायला हवं. काळी भिंत उभी राहते, आधी गार वाऱ्याचा झोत येतो आणि काही मिनिटांत पाणी. झोत आला तेव्हा हॅच बंद करायला घेतलंस तर उशीर झालेला असतो. आकाश काळवंडलं की क्रेन बाजूला, हॅच बंद, मग विचार. रात्री रडार चालू ठेव, सरी त्यावर दिसतात.

कामगारांचं विचारलंस. माणसं मेहनती आहेत आणि मानाची भुकेली आहेत, आपल्यासारखीच. चढल्या-चढल्या हेडमनला नाव विचार, हात मिळव, गार पाण्याची सोय कर. होल्डमध्ये दुपारी उकडून निघतं, त्यात माणूस डोक्यावर ५० किलो उचलतो. टेमाचं बंदर १९६२ साली सुरू झालं. त्याआधी शेजारच्या राजधानीत, अक्राला, धक्काच नव्हता, कोकोची पोती लाटा फोडत वल्ह्याच्या होड्यांतून उभ्या जहाजापर्यंत न्यायचे. आजोबांनी ते काम केलंय असं सांगणारे मला तिथे भेटले. अशा लोकांना पोतं कसं धरायचं हे शिकवायला जाऊ नकोस.

नवासेकंडमेट

सर, मनापासून आभार. तापमानाची नोंद होत होती, पण कारण लिहीत नव्हतो, आजपासून लिहितो. ताडपत्रीची गोष्ट चीफ मेटना वाचून दाखवली. अजून दोन प्रश्न. माल थेट ट्रकवर जाणार असं एजंटचा मेल म्हणतो, मग ट्रक आले नाहीत तर? आणि बाहेर नांगरावर थांबावं लागलं तर काय?

कम्युनिटीफोर

मी गेली अनेक वर्षं टेमात क्लिअरिंगच्या (माल कस्टममधून सोडवून घ्यायच्या) कामात आहे. ट्रकचं मी सांगतो.

तुमचा माल जुन्या बंदरात उतरेल. टेमाच्या फोटोंत दिसतात त्या मोठ्या क्रेन कंटेनर टर्मिनलच्या, ते २०१९ साली सुरू झालेलं टर्मिनल ३, तिथे १६ मीटर खोली आहे. पोत्यांच्या बोटी तिकडे जात नाहीत. जुन्या धक्क्यांवर पाणी बरंच कमी, म्हणून तिथे किती ड्राफ्ट (बोटीची पाण्यातली खोली) चालेल ते एजंटकडून धक्क्याच्या नंबरसकट लेखी घ्या.

ट्रक का येत नाहीत? बहुतेक वेळा कागदामुळे. २०१७ च्या सप्टेंबरपासून इथे कस्टमची कामं कागदाशिवाय करायचं धोरण आलं, २०२० पासून इकम्स नावाची एकच प्रणाली सगळ्याला आहे. बंदरात धावपळ कमी झाली हे खरंच चांगलं झालं. पण माल घेणाऱ्याने कर भरला नाही किंवा एखादा तपशील जुळला नाही, तर ट्रक गेटबाहेरच उभा राहतो आणि तुमचा हूक रिकामा लोंबकळतो. दुसरं असं की, काही माल बुर्किना फासोला जातो. तो ट्रक कुमासी, तमाले करत पागाच्या सीमेपर्यंत घाना ओलांडतो, पुढे बुर्किनाची राजधानी वागाडुगू. एकूण हजार किलोमीटरच्या आसपास. असा ट्रक आज गेला की उद्या परत येत नाही.

तुम्ही सेकंड मेट म्हणून एकच करा: हूक किती वाजता थांबला, किती वाजता चालू झाला आणि कारण काय, हे मिनिटासकट लिहा. ‘ट्रक नाहीत’, ‘पाऊस’, ‘क्रेन बिघाड’ ही तीन वेगळी कारणं आहेत. बोट खोळंबल्याचे पैसे कोणी द्यायचे ते त्यावरून ठरतं. सगळ्यांसमोर एकच ‘थांबलं’ लिहिलेलं वेळपत्रक मी पाहिलंय, त्यावरचा वाद दीड वर्ष चालला.

आणि उतरलात तर केंके (मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे) आणि तळलेला मासा खा, मासेमारी बंदर शेजारीच आहे.

जुनाचीफमेट

नांगराचं मी सांगतो. किनाऱ्याला दक्षिणेकडून लांब, संथ लाट सतत येते. वारा नसतानाही बोट डोलत राहते, गँगवे आणि पायलटची शिडी लावताना ते ध्यानात ठेव. शक्य तेवढं लांब समुद्रात थांबा आणि वेळ ठरली की आत या. २०२० मध्ये चाच्यांनी जगभरात १३५ खलाशांचं अपहरण केलं, त्यातले १३० गिनीच्या आखातात. नंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली, तरी रात्रीची गस्त, डेकचे दिवे आणि अकोमोडेशनचे (राहायच्या जागेचे) बंद दरवाजे यात सवलत नाही.

निघताना लपून येणाऱ्यांचा शोध. रिकामे होल्ड, क्रेनची केबिन, चेन लॉकर (नांगराच्या साखळीची कोठी), फनेलच्या (धुराड्याच्या) आत, आणि रडरच्या (सुकाणूच्या) वरची पोकळी. ती पोकळी शेवटी, पायलट चढायच्या आधी छोट्या होडीतून बघायची, कारण बोट हलकी झाली की ती पाण्यावर येते आणि माणूस होडीतून थेट आत शिरतो. एकदा आम्हाला तिथे दोन मुलं सापडली, एक जेमतेम सतराचा असेल. बोट निघाली असती तर दोघं पहिल्याच रात्री बुडाली असती. तुला कोणी सापडला तर आधी पाणी दे, कोणाला हात उगारू देऊ नकोस, आणि मग कॅप्टनना फोन कर.