कांदेनवमीची भजी आणि पावसाळ्यातली भूक

ग्रुप : सकाळची मंडळी (ए-बी-सी विंग)

ए-१०२ (संध्याकाळी ५:१२)
काकू, एक विचारायचं होतं. जानेवारीत आपण नऊ जणांनी भात-पोळी कमी करायला घेतली तेव्हा मला काही जड गेलं नाही. एप्रिल-मेमध्ये तर जेवणाकडे बघवतही नव्हतं. पण पाऊस लागल्यापासून चार वाजले की नुसतं काहीतरी खावंसं वाटतं. परवा वडापाव, काल कणीस. आज कांदेनवमी म्हणून सासूबाईंनी भजी तळली, दोन बशा संपवल्या. काटा चार दिवसांत दीड किलोने वर गेलाय. सहा महिन्यांचं सगळं वाया गेलं असं वाटतंय. माझ्यात चिकाटीच नाही का?

बी-६०१ (५:१५)
माझं पण तेच गं. त्यात आमच्याकडे मासळी नाही म्हणजे जेवायचं काय, हा रोजचा प्रश्न.

बी-५०४ (५:४१)
अगं, चिकाटीचं काय घेऊन बसलीस! मला हे सुरू करून दीड वर्ष झालं. मागचा अख्खा पावसाळा मी यात काढलाय, म्हणून सांगते. मुंबईत कमी पिठाचं जेवण पाळायला सगळ्यात कठीण दिवस हेच. थंडीत इतकं कठीण नाही, उन्हाळ्यात तर नाहीच.

उन्हाळ्यात भूक नव्हती ती हवेमुळे. अन्न पचवताना अंगात उष्णता तयार होते. बाहेर चौतीस डिग्री आणि चिकट घाम, अशा वेळी शरीर आपणहून कमी मागतं. ताक, काकडी, वाटीभर दही, झालं जेवण. आपल्याला वाटलं, आता जमलं. मग जूनमध्ये पाऊस आला, हवा उतरली आणि भूक परत जागेवर आली. त्याच सुमाराला सकाळचं चालणं बंद पडलं. गार्डनच्या ट्रॅकवर शेवाळ, रस्त्यावर खड्डे आणि पाणी. घरात बसायचं, आणि चार वाजता जिन्यातून तळणीचा वास. भूक वाढली आणि हालचाल घटली, दोन्ही एकाच महिन्यात. यात तुझा दोष कुठे आला?

दीड किलोचंही मनाला लावून घेऊ नकोस. पीठ-साखर पोटात गेली की शरीर त्यातली काही ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. चार दिवसांत चढलेल्या दीड किलोत बरंचसं पाणीच असतं. नीट जेवायला लागलीस की उतरेल. जानेवारीत पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचा काटा झरझर खाली आला होता, किती आनंद झाला होता आठवतंय? तेव्हाही बरंचसं पाणीच गेलं होतं.

सचिव (५:४४)
उद्या सकाळी ११ ते १ टाकी धुणार आहेत. तिन्ही विंगने पाणी भरून ठेवावे.

सी-२०३ (५:५०)
काकू, पण आयुर्वेदात पावसाळ्यात अग्नी मंद होतो म्हणतात ना? आणि थंडीत प्रखर. मग भूक वाढते कशी?

बी-५०४ (६:०५)
बरोबर म्हणतात. थंडीत खाल्लेलं पचतं. बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, आणि दोन तासांनी पोट हलकं. पावसाळ्यात तेच खाल्लं तर रात्रभर छातीशी बसतं. मी माझ्यापुरता अर्थ असा लावलाय, की पावसाळ्यात पोट फार मागत नाही, जीभ मागते. आणि जिभेला हवं असतं गरम, कुरकुरीत, तिखट.

मी एक करते. चार वाजता काही खावंसं वाटलं की आधी एक अंडं उकडायला ठेवते. उकडून होईपर्यंत ते खावंसं वाटत असेल तर ती खरी भूक, मग ते खाते, मीठ-मिरी टाकून. आणि अंडं नको, भजीच हवी असं वाटलं तर ती हवेची हाक. तेव्हा कढण करते. दुधी आणि टोमॅटो कुकरला लावायचे, घोटायचे, वरून तुपात जिरं, आलं आणि चार मिरे ठेचून घातलेली फोडणी. मगभर घेऊन खिडकीत बसायचं. गरम आणि तिखट मिळालं की निम्मी हौस तिथेच भागते. कुरकुरीत हवंच असेल तर पनीरचे काप तव्यावर थोड्या तेलात, तांबूस होईस्तोवर हलवायचे नाहीत. सारखे हलवले की कुरकुरीत होत नाहीत.

आणि ए-१०२, आजची भजी खाल्लीस ते छान केलंस. परवापासून सासूबाईंचा चातुर्मास, चार महिने कांदा-लसूण बंद. त्यांच्या हातची कांदाभजी आता थेट कार्तिकात. बेसनात प्रथिनं तरी असतात. त्यासोबत पाव आणि साखरेचा चहा आला की हिशेब बिघडतो. कणसाचं मात्र लक्षात ठेव, एका कणसाच्या दाण्यांत जवळजवळ एका पोळीइतकी कर्बोदकं असतात. कणीस खायचं तर त्या रात्री पोळी नको, इतकंच.

सी-१०४ (६:११)
मी तर पोळी सोडून नाचणीची भाकरीच खाते, दोन्ही वेळा दोन-दोन. तरी काही फरक नाही.

बी-५०४ (६:१४)
ताई, नाचणी उत्तम, कॅल्शियम भरपूर. पण ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, कुठलंही पीठ घ्या, शंभर ग्रॅममध्ये पासष्ट-सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. भाकरी पोळीपेक्षा जाड, म्हणजे पीठही जास्त. एक वेळ एकच ठेवून बघा, आणि ताटात भाजी दुप्पट.

बी-६०१ (६:२०)
भाजी दुप्पट म्हणता, पण पालेभाजी कुठली घेऊ? मेथीच्या जुडीत चिखलच जास्त, आणि पालक धुतला की निम्मा फेकायचा.

ए-४०३ (६:२२)
स्टेशनबाहेर बघा ना. पालघर-डहाणूकडून लोकलने बायका येतात, जमिनीवर फडकं टाकून बसतात. आज कंटोळी होती, टाकळा होता, फोडशीच्या जुड्या होत्या. शेवळं मात्र संपली या वर्षीची.

बी-५०४ (६:३३)
अगदी हेच सांगणार होते! पावसाळा एका हाताने चालणं काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने या भाज्या देतो. मेथी-पालकाच्या मागे लागूच नका या दिवसांत. फोडशी आणली की पातीच्या मधला पांढरा कडक दांडा काढून टाका, तो शिजत नाही. बारीक चिरून दोनदा पाण्यातून काढा, मग कांदा आणि भिजवलेली मूगडाळ मूठभर. कंटोळी उभी चिरून काप तव्यावर परता, वरून ओलं खोबरं. कोवळी असतील तर बियांसकट चालतात. या सगळ्यांत पिठूळपणा नाही, पोट भरतं आणि तोंडालाही नवं वाटतं. आपल्या आज्यांनी या भाज्या पावसाळ्यातच केल्या, कारण तेव्हाच त्या उगवतात. मला तर वाटतं आपण बारा महिने एकच ताट धरून बसतो तिथेच चुकतो. जानेवारीत छापून फ्रिजवर लावलेला तक्ता जुलैत कसा चालेल?

आणि ६०१, मासळीचं तुम्ही सांगा सगळ्यांना. तुमच्या घरातलं सुकं मी खाल्लंय.

बी-६०१ (६:४५)
सांगते. जून-जुलै बोटी बंद, माशांची अंडी घालायची वेळ असते, ती बंदी पाळलीच पाहिजे. म्हणून आई मेमध्येच सुकं भरून ठेवते. सुके बोंबील, सोडे, जवळा. बोंबील तुकडे करून तव्यावर कोरडे भाजायचे, मग गरम पाण्यात दहा मिनिटं, ते पाणी ओतून टाकायचं. खारटपणा उतरतो. ब्लडप्रेशरवाल्यांनी दोनदा पाणी बदलायचं आणि तरीही बेतानेच खायचं. मग कांदा, कोकम, मालवणी मसाला. जवळ्याची सुकी चटणी वांग्यात घालते मी, त्याच्याबरोबर भात लागत नाही. प्रश्न जेवायचं काय असा होता खरा, पण लिहिता लिहिता उत्तर कपाटातच निघालं. उद्या करते.

ए-३०१ (७:०२)
नमस्कार मंडळी. परवा आषाढी. मी गेली चाळीस वर्षं एकादशी करतो. या वेळीही करणार. साबुदाण्याची खिचडी चालेल ना? पोळी-भात तर नाहीच त्यात.

बी-५०४ (७:२०)
काका, तुमच्या उपवासाबद्दल मला आदर आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आपल्याकडे म्हणतातच, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशीच्या वर कर्बोदकं, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. भातापेक्षा तो कुठेच हलका नाही. खिचडीतलं जे चांगलं आहे ते दाण्याचं कूट. मग खिचडीऐवजी दाण्याची आमटी दोन वाट्या घ्या आणि वरी दोनच चमचे. दही, काकडीची कोशिंबीर, ओलं खोबरं, तुमच्याकडे चालत असेल तर लाल भोपळ्याचं भरीत. पुढे श्रावणी सोमवार आहेत, तेव्हाही हेच.

पण काका, मला काळजी वेगळी आहे. तुम्ही साखरेची, म्हणजे डायबेटिसची, गोळी घेता ना सकाळची?

माझं सांगते. मागच्या एप्रिलमध्ये उकाड्याने माझं जेवण निम्म्यावर आलं होतं. पोळी बंद, भात बंद, सकाळी नुसतं ताक. गोळी मात्र थंडीत होती तीच, तेवढीच, ग्लिमेपिराइड. जेवण कमी असलं तरी ती साखर खाली आणतच राहते. अकरा वाजता पायऱ्या चढून स्टेशनच्या पुलावर पोहोचले आणि हात थरथरायला लागले. पिशवीत कैऱ्या होत्या, त्या कधी सुटल्या कळलं नाही. गार घाम, डोळ्यांपुढे काळोख. एका मुलीने धरून खाली बसवलं आणि तिच्या बाटलीतलं सरबत पाजलं. घरी येऊन तपासली तेव्हाही साखर ६२, म्हणजे सरबत पिऊनसुद्धा. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी गोळी अर्धी केली. त्यांनी विचारलं, जेवण कमी केलंत ते कळवलं का नाहीत? मला ते सांगायची गोष्ट आहे हेच माहीत नव्हतं. मी जेवण बदललं नव्हतं, फक्त भूक गेली होती, असं मला वाटत होतं. गोळीला त्यातला फरक कळत नाही.

म्हणून विचारते काका.

सी-५०२ (७:३८)
काकूंनी लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. मी डॉक्टर म्हणून दोन गोष्टी जोडते. साखर ७० च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. तेव्हा लो-कार्बचा विचार करायचा नाही. आणि ज्यांच्या गोळीचं नाव डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं, त्यांनी कडक उपवास किंवा कर्बोदकं एकदम तोडणं विचारल्याशिवाय करू नये. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साचू शकतात. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर दवाखान्यात यायचं, घरी वाट बघायची नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर आधी फोन केल्याशिवाय उपवास धरूच नका.

मिठाचंही सांगते. कर्बोदकं कमी केली की सुरुवातीच्या दिवसांत लघवीवाटे मीठ आणि पाणी जास्त जातं. मेमध्ये, ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यात घामाची भर. चक्कर आणि पायात गोळे येतात ते बऱ्याचदा त्यामुळे. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून पाणीच कमी प्यायलं जातं. ताकात चिमूटभर मीठ घाला. ज्यांना ब्लडप्रेशर, किडनी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र मला विचारून.

ए-१०२ (७:४५)
बाबांच्या गोळीचं नाव आत्ता बघून आले. ‘ग्लिफ्लोझिन’च आहे. ते परवा निर्जळी करणार होते. ताई, उद्या सकाळी येऊ का तुमच्याकडे?

सी-५०२ (७:४६)
नक्की ये, साडेआठला. गोळ्यांची सगळी पाकिटं आण.

ए-३०१ (८:१०)
माझ्या पाकिटावर ग्लिमेपिराइड लिहिलं आहे. हिने वाचून दाखवलं. मला कधी कोणी असं विचारलं नव्हतं. डॉक्टर ताई, मीही साडेआठला येतो. एकादशी सोडणार नाही, पण ताई सांगतील तशी करीन. पांडुरंग समजून घेईल.

सी-५०२ (८:१२)
या काका. मार्ग काढू.

बी-५०४ (८:२५)
काका, परवा दाण्याची आमटी मी करतेच आहे, तुमचं दोघांचं पातेलं वेगळं काढते. काकूंना म्हणावं वरी तेवढी शिजवा. आणि चालणं बंद आहे त्याचं काय करायचं? उद्यापासून साडेसहाला बी विंगच्या स्टिल्टमध्ये जमूया, गाड्यांच्या मधल्या जागेत. मी मागच्या वर्षी तिथेच चालायचे, पंचवीस फेऱ्यांत अर्धा तास होतो.

ए-४०३ (८:२७)
मी आहे. येताना कोणाला कंटोळी हवीत? सकाळी स्टेशनवरून घेऊन येते.

बी-६०१ (८:२८)
पाव किलो. आणि फोडशीच्या दोन जुड्या.

ए-१०२ (८:३०)
मलाही दोन. तो पांढरा दांडा काढायचा कसा, ते उद्या फेऱ्या मारताना दाखवा काकू.