प्रसूतीच्या अपेक्षा डॉक्टरांना लेखी द्याव्यात का?

सातवा_महिना
डोहाळजेवणाचा हॉल, मेनू, फुलांचे दागिने सगळं ठरलंय. प्रसूतीच्या वेळी आत माझ्यासोबत कोण असेल, हे मात्र "डॉक्टर बघतील". म्हणून एक पानभर लिहून काढलंय: कळा येत असताना चालू-फिरू द्यावं, आई किंवा नवरा सोबत असावा, गरज नसेल तर बाळ बाहेर येताना खाली छेद देऊन टाके नकोत, बाळ ठीक असेल तर नाळ मिनिटभर थांबून कापावी, लगेच छातीवर द्यावं. पुढच्या तपासणीला हा कागद फाइलला लावणार. सासूबाई म्हणतात डॉक्टर चिडतील. तुम्हाला काय वाटतं?

पाटलांची_धाकटी
सासूबाईंशी सहमत. हॉल बुक करणं वेगळं, बाळंतपण वेगळं. माझ्या जावेनं असंच सगळं ठरवलं होतं. ऐनवेळी बाळानं पोटात शी केली, ठोके कमी झाले, सिझर करावं लागलं. आई आणि बाळ दोघं सुखरूप, पण ही कित्येक महिने "मला जमलं नाही" म्हणून रडायची. त्या कागदानं तिला काय दिलं?

रातपाळी
मी लेबर रूममध्ये नर्स आहे. वरच्या यादीत जगावेगळं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत यातलं बरंच आहे: सोबतीला हवं ते माणूस, हिंडणं-फिरणं, सरसकट छेद नको. एनिमा आणि शेव्हिंगही सरसकट नको म्हटलंय, तरी कित्येक ठिकाणी अजून चालतं. फक्त एक: लेबर रूममध्ये दोन टेबलांमध्ये नुसता पडदा असेल, तर नवऱ्याला आत घेत नाहीत. शेजारच्या बाईचाही विचार करावा लागतो. आईचं नाव लिहा.

भूलतज्ज्ञ_काका
कागदाला विरोध नाही, त्यामागच्या संशयाला आहे. पेशंट आधीच "तुम्ही मला कापणार" या तयारीनं येते. मग खरंच घाई असते तेव्हा सहीसाठी नातेवाइकांची मनधरणी करण्यात वेळ जातो.

शेवग्याची_शेंग
काका, संशय हवेतून येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशभरात खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझरनं, सरकारीत 14.3 टक्के. गुंतागुंतीच्या केसेस तर उलट सिव्हिलला पाठवतात. मग हा फरक कशाचा?

भूलतज्ज्ञ_काका
सगळा दोष आमच्या माथी नको. कळा सोसायच्या नाहीत म्हणून सिझर मागणाऱ्या असतात. मुहूर्त काढून आणणारी घरंही असतात.

शेवग्याची_शेंग
म्हणजे गुरुजींनी कागदावर लिहून दिलेली वेळ चालते, बाईनं लिहिलेलं पान चालत नाही?

मु_पो_डोंगराळ
हे सगळं शहरातलं. आमच्याकडे 108 वेळेवर आली तरी पुष्कळ. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी दवाखान्यात सिझरसुद्धा मोफत आहे, ते मोठंच. पण एका सिस्टरकडे तीन बाया अडलेल्या असताना कोणाचं पान वाचणार ती?

रातपाळी
खरंय, माझ्यावरही अशी रात्र येते. पण 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सरकारी लेबर रूममध्येही सोबतीण असावी असं आहे. पाठ चोळायला, पाणी द्यायला कोणी असलं तर आमचंच काम हलकं होतं. सातवा_महिना, एपिड्युरलचंही (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ती भूल) आत्ताच विचारा. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवतात, पहाटे मिळतीलच असं नाही. आणि सिझर झालंच तर काय हवं, तेही त्याच पानावर लिहा. तेव्हाही आई-बाळ ठीक असतील तर बाळ छातीवर देता येतं.

पाटलांची_धाकटी
हे पटलं. सिझरचं लिहिलेलं असतं तर जावेचा त्रास थोडा कमी झाला असता. तरी माझं मत तेच. तोंडी विचारा, कागद कशाला?

सातवा_महिना
तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना तोंडी सांगेन हो. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर समोर दुसरंच कोणीतरी असेल. त्यांना ते कसं कळणार?