क्लास बदलता येतो, पण झालेली वाढ?

भावा, ‘सुरुवातीला जादूगार घेतला की तलवारबाजाचा रस्ता बंद’ हे तुझं म्हणणं सगळ्या गेमना लागू होत नाही.

एल्डन रिंगमध्ये (२०२२) क्लास, म्हणजे सुरुवातीला निवडलेला पात्राचा प्रकार, हे फक्त सुरुवातीचं भांडवल. अ‍ॅस्ट्रॉलॉजर या जादूगार क्लासची बुद्धी १६, ताकद ८. रेच या क्लासचे आठही गुण १०, पण लेव्हल १. पुढं प्रत्येक लेव्हलचा एक पॉइंट कुठं घालायचा ते आपल्या हातात. चुकीचा क्लास घेतला तर थोडेच पॉइंट वाया जातात.

खरी मेख फायनल फँटसी टॅक्टिक्समध्ये (१९९७) आहे. लेव्हल वाढते त्या क्षणी जो जॉब (तिथं क्लासला जॉब म्हणतात) असेल, त्याच्या हिशेबानं वाढ होते आणि ती कायम राहते. निंजा असताना कमावलेला वेग पुढं नाइट झालास तरी उपयोगी पडतो. आपल्या गंगावेस तालमीत कोवळ्या वयात काढलेल्या जोर-बैठका कुस्ती सुटली तरी खांद्यात दिसतात, तसंच हे. म्हणून तिथं घाईनं लेव्हल वाढवू नकोस. आधी जॉब नीट निवड. मी पहिल्या वेळी हे न कळता खेळलो, अजून हळहळ वाटते.

फायर एम्ब्लेम अवेकनिंगमध्ये पात्राची आणि क्लासची टक्केवारी, म्हणजे लेव्हल वाढताना एखादा गुण एक पॉइंटनं वाढायची शक्यता, मिळून वाढ ठरते. ४० टक्के असेल तर दहा लेव्हलमध्ये सरासरी ४ पॉइंट, तेही नशिबावर.

तू नेमका कोणता गेम खेळतोयस? ते कळलं तर क्लास सुचवतो.