६५ इंची टीव्ही घ्यायचा आहे: मिनी एलईडी की ओएलईडी?

तिसरी_खुर्ची

दिवाणखान्यासाठी नवा टीव्ही घ्यायचा आहे. माहितीपत्रके जितकी वाचली तितका गोंधळ वाढला, म्हणून इथे विचारतो आहे.

सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत बरोबर ९ फूट भरतात. सोफ्याच्या पाठीमागे मोठी खिडकी आहे आणि दिवसा भरपूर उजेड असतो. एक खुर्ची बाजूला आहे, तिथून पडदा साधारण ४५ अंशांतून दिसतो. दिवसा चार-पाच तास बातम्या चालू असतात, रात्री दिवे मालवून चित्रपट, आणि सुट्टीच्या दिवशी कन्सोलवर ४के १२० फ्रेमचे गेम. साउंडबार आहे, तो एचडीएमआयने जोडायचा.

५५ घ्यावा की ६५? ६५ अंगावर येईल का? मिनी एलईडी, ओएलईडी आणि क्यूएलईडी यांतले काय निवडावे? ८के आत्ताच घेऊन ठेवण्यात अर्थ आहे का? एका टीव्हीवर '१२० हर्ट्झ' लिहिले आहे आणि दुसऱ्यावर 'मोशन ४८०', म्हणजे दुसरा चौपट चांगला का? शेवटचे म्हणजे, भिंतीवर टांगताना काय बघायचे?

फूटपट्टी

आकारापासून सुरू करू, कारण त्याचे उत्तर मतावर नाही, गणितावर आहे. १६:९ पडद्याच्या इंचांना ४.१ ने गुणले की जे सेंटिमीटर येतात, तेवढ्या अंतरावरून पडदा नजरेचा ३० अंशांचा भाग व्यापतो. ३ ने गुणले तर ४० अंश, म्हणजे चित्रपटगृहात मधल्या रांगेत बसल्यासारखे. ६५ साठी हे आकडे २६७ आणि १९५ सेंमी, ५५ साठी २२६ आणि १६५. तुमचे ९ फूट म्हणजे २७४ सेंमी. त्यामुळे ६५ अंगावर येणार नाही, उलट ५५ घेतलात तर महिन्याभरात लहान वाटेल. इंचांत फरक १० चा दिसतो, पण पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. तरी शंका असेल तर १४४ बाय ८१ सेंमीचा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्रे जोडून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या.

८के सोडून द्या. साधारण चांगली नजर एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखते. त्या हिशेबाने ६५ इंची ४के पडद्याचे ठिपके (पिक्सेल) वेगळे दिसायला सव्वा मीटरच्या आत जावे लागते. तुम्ही पावणेतीन मीटरवर बसणार. तिथून फुल एचडी आणि ४के यांतलासुद्धा फरक जेमतेम कळतो. जुन्या एसडी (कमी तपशिलाच्या) वाहिन्या मात्र ६५ वर पुसट दिसणारच. चांगला प्रोसेसर त्यांच्या कडा थोड्या सावरतो, पण नसलेला तपशील कुठून आणणार?

आता पॅनेल. क्यूएलईडी हे नाव ओएलईडीच्या शेजारी ठेवायला सोयीचे आहे, एवढेच. आतून तो एलसीडीच असतो, बॅकलाइटपुढे (पडद्यामागच्या दिव्यांपुढे) क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म रंगकणांचा थर टाकलेला. त्याने रंग सुधारतात, काळा रंग काळा होत नाही. काळा रंग ठरतो तो बॅकलाइट तुकड्यातुकड्यांनी मंद करता येतो का यावर. विक्रेत्याला नेमके विचारा: लोकल डिमिंग (असे तुकड्यांनी मंद करणे) आहे का, आणि झोन, म्हणजे तुकडे, किती? बॅकलाइट फक्त कडेला असेल तर एका उजळ गोष्टीपायी पडद्याचा उभा पट्टाच्या पट्टा उजळतो. मिनी एलईडीमध्ये दिवे बारीक आणि पडद्यामागे सगळीकडे असतात, झोन शेकड्यांत किंवा हजारांत असतात. तरी काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती थोडे धुके दिसते. झोन कमी तितके धुके जास्त.

तुमच्याकडे दिवसा उजेड आणि पाच तास बातम्या आहेत. त्यामुळे माझे मत ६५ इंची मिनी एलईडीला. अडचण एकच, ती बाजूची खुर्ची. मिनी एलईडीत बहुधा व्हीए पॅनेल असते. व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार. समोरून व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) ३०००:१ च्या पुढे जातो, पण २५-३० अंशांपलीकडे गेलात की रंग फिके पडतात आणि काळ्याचा राखाडी होतो. आयपीएस बाजूने चांगले दिसते, पण त्याचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, म्हणजे दिवे मालवून चित्रपट बघायला कुचकामी. काही व्हीए पॅनेलवर रुंद कोनासाठी वेगळा थर असतो. तो मिळाला तर घ्या. दुकानात चेहऱ्याचे स्थिर चित्र लावायला सांगा आणि ४५ अंशांवर जाऊन उभे राहा. कातडीचा रंग तिथेच खरे-खोटे सांगतो. एक सावधगिरी: एकाच मालिकेत ५५ ला एक आणि ६५ ला दुसरे पॅनेल असू शकते, त्यामुळे जो आकार घ्यायचा तोच बघा.

काळा_म्हणजे_काळा

वरचे गणित मान्य, निष्कर्ष अर्धा मान्य. ४५ अंशांची खुर्ची आणि अंधारातले चित्रपट या दोन्हींचे एकच उत्तर आहे आणि ते ओएलईडी. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून धुके नाही, आणि बाजूनेही रंग टिकतात.

बातम्यांची भीती मात्र खोटी नाही. वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची सरकती पट्टी एकाच जागी राहतात. तिथले सेंद्रिय ठिपके इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि पुढे सपाट रंगावर त्यांची सावली दिसू लागते. एका रात्रीत असे होत नाही, ही झीज साचत जाते. म्हणजे पाच तास बातम्या एकाच वाहिनीवर, उजेडात म्हणून चमक पूर्ण वाढवून, रोज चालणार असतील तर ओएलईडी घेऊ नका. वाहिन्या बदलत असतील आणि चमक मध्यम ठेवता येत असेल तर घ्या. वॉरंटीच्या कागदावर हा दोष धरला आहे का ते आधी वाचा, बहुतेकदा धरलेला नसतो.

ओएलईडी घेतला तर एक सवय मोडावी लागते. रिमोटने बंद करून लगेच भिंतीवरचे बटण बंद करू नका. काही तासांच्या वापरानंतर टीव्ही स्टँडबायमध्ये असताना स्वतःचे ठिपके तपासून दुरुस्त करतो. वीजच तोडली तर ते काम राहूनच जाते, आणि मग लोक पॅनेलला दोष देतात.

खिडकीबद्दल: बंद टीव्हीच्या काळ्या पडद्यात जे दिसते तेच चालू टीव्हीतही दिसणार. पाठीमागची खिडकी सरळ समोर प्रतिबिंबित होते, त्यावर मिनी एलईडीची चमक थोडी मात करते, पण जाड पडदा त्याहून जास्त काम करतो. मॅट थर प्रतिबिंब पसरवून टाकतो, मात्र भर उजेडात काळा रंग किंचित करडा करतो.

तिसरी_खुर्ची

दोघांचेही आभार. बातम्या जवळजवळ एकाच वाहिनीवर असतात, त्यामुळे ओएलईडी बाद. खुर्ची हलवता येणार नाही, पण टीव्ही वळवता आला तर? पुढे ओढता येणारा, फिरणारा ब्रॅकेट मिळतो ना?

चौथा_पोर्ट

फिरत्या ब्रॅकेटचे भिंतवाले सांगतील. मी तुमचे राहिलेले दोन मुद्दे घेतो.

'मोशन ४८०' हा आकडा पॅनेलचा नाही. बॅकलाइटची उघडझाप आणि मध्ये घातलेल्या खोट्या फ्रेमा धरून कंपनी तो स्वतः ठरवते. तांत्रिक तक्त्यात 'मूळ रिफ्रेश रेट' (पॅनेल सेकंदाला किती वेळा चित्र बदलते) शोधा, तिथे ५०/६० असेल नाहीतर १००/१२०. १२० चा फायदा फक्त गेमला नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० ला २४ ने नीट भाग जात नाही, म्हणून काही टीव्ही एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवतात आणि कॅमेरा संथ सरकताना चित्र अडखळते. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा.

पोर्ट मोजताना फसगत होते ती इथे. ४के १२० साठी एचडीएमआय २.१ चा वेग लागतो, जुन्या २.० ची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट. टीव्हीवर चार पोर्ट असले तरी बऱ्याचदा दोनच वेगवान असतात, आणि त्यांतल्याच एकावर ईएआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारी सोय) असते, म्हणजे तिथे तुमचा साउंडबार. कन्सोलला मग एकच पोर्ट उरतो. तुम्हाला तेवढे पुरेल, दुसरे कन्सोल किंवा संगणक आला तर पुरणार नाही. मागच्या बाजूचा फोटो बघून कोणत्या पोर्टवर काय लिहिले आहे ते विकत घेण्याआधीच वाचा. 'एचडीएमआय २.१' एवढ्या शब्दांवर विसंबू नका, '४के १२०' आणि 'व्हीआरआर' (गेमच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचा वेग बदलणे) वेगळे लिहिलेले असायला हवे. जोडल्यावर कन्सोल १२० दाखवत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा सिग्नल 'एन्हान्स्ड' करा. अनेक टीव्हींवर तो बंद असतो आणि लोक केबल बदलत बसतात.

एचडीआर (उजळ आणि गडद भागांतला जास्त फरक दाखवणारे चित्र): खोक्यावर 'एचडीआर सपोर्ट' असले तरी त्याचा अर्थ सिग्नल स्वीकारतो इतकाच. ३०० निट्सच्या (निट्स हे चमकेचे माप) पडद्यावर सूर्य आणि पांढरी भिंत सारखेच दिसतात. मिनी एलईडी घेताय तर १००० निट्सच्या वरचा बघा. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ या एचडीआरच्या प्रकारांत जीव अडकवू नका, पण सॅमसंगच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजन नसते हे माहीत असू द्या.

स्मार्ट टीव्हीची मेमरी दीड जीबी असेल तर दोन-तीन अपडेटनंतर मेनू रांगायला लागतो. त्यासाठी मात्र चांगले पॅनेल सोडू नका, बाहेरची स्टिक लावली की प्रश्न मिटतो.

ओळंबा

फिरता ब्रॅकेट मिळतो, पण भिंतीचा विचार आधी. समजा टीव्ही २५ किलोचा आहे आणि हात ४० सेंमी पुढे ओढला. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २० सेंमी अंतर असेल तर वरच्या बोल्टांवर बाहेर ओढणारे बल साधारण ५० किलोचे, तेही हाताचे स्वतःचे वजन न धरता. सपाट ब्रॅकेटमध्ये, ५ सेंमी अंतरावर, तेच ६-७ किलो. म्हणून फिरता ब्रॅकेट निवडताना भिंतीवरची पट्टी जितकी उंच तितकी बरी.

भरीव वीट किंवा काँक्रीट असेल तर एक्स्पान्शन बोल्ट चालतात, पण प्लास्टरची जाडी खोलीत धरू नका. बोल्ट प्लास्टरमध्ये फुगला तर प्लास्टरसकट बाहेर येतो. दोन विटांच्या सांध्यातही भोक नको. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा एक्स्पान्शन बोल्ट गरगर फिरतो आणि धरत नाही. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) लागतो, पोकळ ब्लॉकमध्ये जाळीच्या नळीसकट, आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा. पार्टिशनच्या भिंतीवर फिरता ब्रॅकेट नकोच.

टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधले अंतर म्हणजे व्हेसा माप. ६५ ला बहुधा ४००×३०० किंवा ४००×४०० मिमी असते, पण माहितीपुस्तिकेत बघूनच ब्रॅकेट घ्या. स्क्रू एम६ किंवा एम८. काडी घालून भोकाची खोली मोजा. स्क्रू निदान ८-१० मिमी आत बसला पाहिजे, आणि तळाला टेकता कामा नये. लांब स्क्रू जोर लावून पिळला तर आतल्या भागात घुसतो. भोके खोलगट असतील तर मध्ये स्पेसर घाला.

उंची: बसल्यावर डोळे जमिनीपासून १००-११० सेंमीवर येतात. पडद्याची खालची कड ६०-६५ सेंमीवर ठेवली की मध्य बरोबर तिथे येतो. बहुतेक लोक फार वर टांगतात आणि मग मान दुखते. साउंडबार खाली ठेवणार असाल तर रिमोटचा सेन्सर झाकला जात नाही ना, बघा. फिरत्या ब्रॅकेटच्या केबलींना किमान अर्धा मीटर ढील लागते, नाहीतर पहिल्यांदा वळवताना पोर्टच उखडेल.

फूटपट्टी

फिरता ब्रॅकेट जमला तर मिनी एलईडीवरचा माझा एकमेव आक्षेप संपला.

टीव्ही घरी आला की पावती सही करण्याआधी खोके उघडून चालू करून बघा. पॅनेल आतल्या आत तडकले असेल तर बाहेरून खोके धड दिसते. नेताना उभाच ठेवायचा, आडवा नाही, आणि दोघांनी कडांना धरायचा, पडद्यावर बोटांचा दाब नको. मग लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पूर्ण पडद्याचे रंग यूएसबीवरून दाखवा. मेलेले ठिपके लगेच दिसतात. शेवटी करडा रंग लावा. त्यावर डाग किंवा उभे पट्टे दिसले तर फुटबॉल बघताना हिरव्या मैदानावरही तेच दिसणार. बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत खोके आणि थर्मोकोल टाकू नका.

सुरुवातीला टीव्ही 'स्टोअर' की 'होम' विचारतो, तिथे होम. चित्रपटांसाठी 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड आणि वॉर्म रंग. शार्पनेस शून्याच्या जवळ, कारण तो तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी रेघ काढतो. मोशन स्मूदिंग बंद, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. चित्र कारण नसताना मंद होत असेल तर ऊर्जाबचत बंद करा. आणि 'ब्राइटनेस' फिरवताना जपून: काही टीव्हींवर तो बॅकलाइट असतो, काहींवर काळ्याची पातळी. फिरवल्यावर काळे भाग धूसर झाले तर तुम्ही चुकीचा दांडा ओढला आहे.